सही करण्याआधी वाचून घ्या : जातीवरून अन्याय झाला तर फिर्याद कशी द्यायची

टेबलावर कागद तयार होता, बाजूला निळ्या शाईचं पॅड. मावशींनी पदराला आंगठा पुसून पुढं केलाही होता. मी म्हटलं, "मावशी, जरा थांबा. साहेब, एकदा वाचून दाखवा की." अंमलदारांनी भरभर वाचलं, "पाणी भरण्याच्या किरकोळ कारणावरून सदर इसमाने मला जातीवाचक शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली."

मावशी माझ्याकडं बघायला लागल्या. "ह्यात माझी घागर कुठाय? लाथ मारून पाडली की त्यानं. अन् काय म्हणला ते? सगळ्या बायांदेखत म्हणला."

तो कागद पुन्हा लिहायला दीड तास गेला. दुसऱ्या कागदावर आलं ते असं : सकाळचे आठ वाजले असतील, टँकर मारुतीच्या पारापाशी उभा होता, नळीजवळ पंधरा-वीस बाया होत्या, त्यानं माझी घागर लाथेनं उडवली आणि माझ्या जातीचं नाव घेऊन 'पाणी बाटवता, मागं सरा' असं म्हणाला, शेजारी अमुक आणि तमुक उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. अंमलदारांचं वाचून झालं तेव्हा मावशी म्हणाल्या, "हां, आता कसं मीच बोलल्यावानी वाटायलंय." मग आंगठा.

तालुका विधी सेवा समितीचा स्वयंसेवक म्हणून मी बरीच वर्षं लोकांबरोबर ठाण्याच्या पायऱ्या चढतोय. बालाघाटाच्या पायथ्याचा आमचा तालुका. नाव लिहीत नाही, कारण मावशींना त्याच गावात राहायचंय. 'केस कोर्टात सुटली' असं आपण म्हणतो, पण मी पाहिलेल्या बऱ्याच केसेस पहिल्या दिवशी, पहिल्याच कागदावर ढिल्या पडलेल्या होत्या. म्हणून हा लेख त्या कागदाभोवतीच फिरेल. ज्यांनी आजवर ठाण्याची पायरी चढलेली नाही त्यांच्यासाठी तो आहे.

तुमच्या बाजूनं कोणता कायदा आहे

संविधानाच्या कलम १७ नं अस्पृश्यता संपवली. कलम १५ नं दुकान, हॉटेल, विहीर, तळं, घाट, रस्ता सगळ्यांना खुला केला. पण ठाण्यात गुन्हा दाखल होतो तो त्याखालच्या कायद्यांवर.

पहिला, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा. मंदिरात येऊ न देणं, हॉटेलात वेगळा कप देणं, न्हाव्यानं दाढी करायला नकार देणं, दवाखान्यात किंवा वसतिगृहात न घेणं, जातीमुळं घर न देणं हे सगळं त्यात येतं. शिक्षा कमी आहे, महिना ते सहा महिने. पण गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना दाखल करून घ्यावाच लागतो. शिवाय या कायद्याच्या कलम १२ मध्ये फार मोठा आधार आहे : पीडित अनुसूचित जातीचा असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेपोटीच झालं असं कोर्ट गृहीत धरतं. तसं नव्हतं हे समोरच्यानं सिद्ध करायचं.

दुसरा, सगळे ज्याला नुसतं 'ॲट्रॉसिटी' म्हणतात तो. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा जीव गेला, तेव्हा हा कायदा नव्हता. आमच्या घरातली म्हातारी माणसं अजून सांगतात, त्या वेळी ठाण्यात गेलं तरी काय कलम लावायचं हेच कुणाला सांगता येत नव्हतं. आज सांगता येतं. २०१५ च्या दुरुस्तीनं, जी २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, त्यात गावात प्रत्यक्ष जे घडतं ते नाव घेऊन लिहिलं गेलं. घोड्यावरून वरात काढू न देणं, नवे कपडे किंवा चप्पल घातली म्हणून अडवणं, मोटारसायकलवर बसून जाऊ न देणं, स्मशानभूमी, पाणवठा किंवा रस्ता वापरू न देणं, मेलेलं जनावर ओढायला भाग पाडणं, वाळीत टाकणं, जमिनीवरून हुसकावणं, उभं पीक मोडणं. गायरानावर पोट भरणाऱ्यांनी हे शेवटचं नीट लक्षात ठेवावं. जमिनीच्या हक्कात अडथळा आणणं आणि पीक नासवणं हे कलम ३(१)(जी) मध्ये येतं. त्याला 'शेतीचा वाद' म्हणून तहसीलचा रस्ता दाखवला तर ऐकून परत फिरू नका.

तिसरा महाराष्ट्राचा स्वतःचा, २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा, जुलै २०१७ पासून लागू. हा कोणत्याही जातीच्या माणसाला वापरता येतो. जातपंचायतीनं वाळीत टाकलेल्या कुटुंबाला, आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याला हाच कामी येतो. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायदा कुणासाठी, हाही प्रश्न पुष्कळांना पडतो. ॲट्रॉसिटी फक्त अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातीचं संरक्षण आहे, तेव्हा 'तुम्ही तर धर्म बदललाय' या बोलण्यात काही अर्थ नाही. पारधी अनुसूचित जमातीत येतात, त्यांना लागू आहे. कैकाडी मात्र विदर्भात अनुसूचित जातीत आणि आपल्याकडं भटक्या-विमुक्तांत धरले जातात. म्हणून मराठवाड्यातल्या कैकाडी माणसाला ॲट्रॉसिटी लागत नाही. मला हे अन्यायाचंच वाटतं, पण आज वस्तुस्थिती ही आहे. अशा वेळी भारतीय न्याय संहितेची मारहाणीची, धमकीची, अपमानाची कलमं आणि वर सांगितलेला बहिष्काराचा कायदा वापरायचा.

त्याच दिवशी, घरी बसून

ठाण्यात जाण्याआधी अर्धा तास काढा आणि वहीच्या पानावर लिहून काढा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या लेकराला सांगा. कुठं, कधी, कोण, काय बोललं, काय केलं, कुणी बघितलं. बोललेले शब्द जसेच्या तसे. शिवी लिहायची लाज वाटते, बायाबापड्यांना तर फारच वाटते. पण तोंडानं काढलेला तो शब्दच गुन्ह्याचा पुरावा आहे. 'जातीवाचक शिवीगाळ' हे पोलिसांचं ठोकळेबाज वाक्य आहे. त्यातून कोर्टाला काहीच कळत नाही. आरोपीचा वकील पहिला प्रश्न विचारतो : नेमकं काय म्हटलं? आणि फिर्यादीत तो शब्द नसला की दोन वर्षांनी कोर्टात सांगितलेला शब्द 'मागाहून सुचलेला' ठरतो.

दुसरी गोष्ट जागेची. जातीवरून अपमान केला (कलम ३(१)(आर)) किंवा जातीचं नाव घेऊन शिवी दिली (कलम ३(१)(एस)), तर ते लोकांच्या नजरेसमोर घडलेलं असावं लागतं. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणीच नसताना झालं तर ही दोन कलमं टिकत नाहीत, असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये सांगितलंय. अंगणात, फाटकापाशी, रस्त्यावरून दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी झालं तर टिकतात. म्हणून 'घरासमोर' एवढंच लिहू नका. 'घराच्या ओट्यावर, रस्त्याच्या बाजूला, त्या वेळी रस्त्यावर अमुक जण उभे होते' असं लिहा. आणि हो, ही अट त्या दोन कलमांपुरती आहे. पीक मोडलं, पाणी अडवलं, वाळीत टाकलं तर तिथं तो प्रश्न येत नाही.

तिसरं, जे घडलं तेवढंच लिहा. यावर मी हट्टी आहे. चार माणसं होती तर चारच नावं. रागाच्या भरात 'त्याचा भाऊही असेल, चुलताही होता' म्हणून दहा नावं घातली, आणि त्यातला एक जण त्या दिवशी पुण्याला होता हे निघालं, की खऱ्या चार जणांवरचा आरोपही खिळखिळा होतो. असं झालेलं मी पाहिलंय, आणि त्या कुटुंबाचं खरंच नुकसान झालं होतं.

मार लागला असेल तर आधी ग्रामीण रुग्णालय. डॉक्टरांना मारहाण झाली हे स्पष्ट सांगा, 'पडलो' म्हणू नका, आणि नोंद करून घ्या. फाटलेला सदरा, चेपलेली घागर धुऊ-पुसू नका, पिशवीत घालून ठेवा. फोनवर व्हिडिओ किंवा आवाज असेल तर तो ज्या फोनमध्ये काढला त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवर फिरवून मूळ फाईल खोडून टाकणं ही नेहमीची चूक आहे.

ठाण्यात

एकटे जाऊ नका. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-ए मध्ये सामाजिक कार्यकर्ता, संस्था किंवा वकील यांची मदत घ्यायचा हक्क लिहिलेला आहे. त्यामुळं 'हा कोण बरोबर?' असं विचारलं तर शांतपणे तेच सांगा. आवाज चढवायची गरज नसते. आमच्याकडं कुणी नेता घेऊन जायची पद्धत आहे. नेता तिथं पोहोचला की बोलणं त्याचं होतं आणि फिर्यादी कोपऱ्यात उभा राहतो. त्यापेक्षा दोन वाक्यं नीट लिहिता-वाचता येणारी भाची बरोबर नेलेली बरी.

ठाणे अंमलदारासमोर तुम्ही बोलणार, ते लिहिणार. इथं चार गोष्टी कायद्यानं तुमच्या आहेत, कलम ४(२) मध्ये लिहिलेल्या : तोंडी सांगितलेलं लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी वाचून दाखवणं, गुन्हा नोंदवणं, नोंदलेल्या फिर्यादीची प्रत लगेच देणं, आणि साठ दिवसांत तपास करून दोषारोपपत्र दाखल करणं. यात जाणूनबुजून हयगय करणारा सरकारी नोकर स्वतः गुन्हेगार ठरतो, सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. त्यासाठी आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, पण कलम आहे. तो कर्मचारी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर मात्र हे कलम त्याला लागत नाही.

वाचून दाखवल्यावर एखादा शब्द चुकला असेल तर सांगा, 'साहेब, हे मी असं म्हटलं नाही.' 'किरकोळ कारणावरून' हे शब्द काढायला लावा. आपल्याला ते कारण किरकोळ नव्हतं. आडनाव, गट नंबर, वार, वेळ पुन्हा तपासा. फिर्यादीत तुमची जात आणि समोरच्याची जात आली का बघा. तो तुम्हाला किंवा तुमच्या घरच्यांना ओळखतो हेही येऊ द्या, कारण ओळख असेल तर त्याला तुमची जात माहीत होती असं कोर्ट मानतं.

'आधी चौकशी करतो, मग बघू' हे हमखास ऐकायला मिळेल. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका निकालानं प्राथमिक चौकशीची वाट उघडली होती, अजून काही जण त्याच निकालाचं नाव घेतात. त्याच वर्षी संसदेनं कलम १८-ए घालून ती बंद केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते कलम कायम ठेवलं. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी नको, अटकेसाठी वरिष्ठांची परवानगी नको, हा आजचा कायदा आहे.

'जातीचा दाखला आणा, मग घेतो' हेही तसंच. फिर्याद नोंदवायला दाखला जोडलाच पाहिजे असं कायदा कुठं म्हणत नाही. तो तपासात आणि अर्थसाहाय्याच्या वेळी लागतो. पण मराठवाड्यात दाखला काढणं हेच एक काम असतं. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, आपण तेव्हा नुकतेच निजामाच्या राज्यातून सुटलेलो, आणि जुने महसुली कागद उर्दूत. आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हा बहुतेकांना सापडणारा सोपा कागद. घरात कुणाचाच दाखला नसेल तर भांडण व्हायची वाट न बघता या उन्हाळ्यातच सेतूत अर्ज टाका.

'अदखलपात्र करून देतो' म्हणून एनसीची चिठ्ठी हातात दिली तर ती घेऊन खुशीत घरी जाऊ नका. एनसीवर तपास होत नाही. हातात एफआयआरची प्रत पाहिजे, वर गुन्हा रजिस्टर नंबर, खाली कलमं. प्रत फुकट मिळते. कलमांत ॲट्रॉसिटीचं कलम दिसत नसेल तर तिथंच विचारा.

बाईनं फिर्याद देताना ती विनयभंग किंवा त्याहून गंभीर गुन्ह्याची असेल तर महिला अधिकाऱ्यानंच जबाब घ्यायचा असतो. पुढं साक्षीदार म्हणून बायका, साठ वर्षांवरची माणसं, आजारी आणि अपंग यांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं.

फिर्याद घेतलीच नाही तर

त्याच दिवशी जमलं नाही म्हणून हात टेकू नका. वहीचं ते पान साध्या अर्जात उतरवा, जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या नावानं. वर ठाण्यात कधी गेलो, कोण हजर होतं, काय उत्तर मिळालं ते लिहा. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती सांभाळा. जिल्ह्याला जाणं होणार असेल तर अधीक्षक कार्यालयाच्या आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. शिक्क्याशिवाय दिलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजा. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतल्या नियम ५ प्रमाणं अधीक्षकांनी त्याची दखल घेऊन गुन्हा नोंदवायला लावायचं असतं.

तिथूनही काही हललं नाही तर कोर्ट. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो. त्यासाठी अधीक्षकांकडं गेल्याचा पुरावा लागतो, म्हणून ती पावती. वकिलाचा खर्च कसा करायचा या काळजीनं पुष्कळ लोक इथं थांबतात. थांबू नका. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, आणि कोणत्याही जातीच्या बाईला, उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे त्यासाठी. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात समिती. फोन करायचा तर १५१००.

अत्याचाराच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६६, पैसे लागत नाहीत. जिवावर बेतलं असेल तर आधी ११२. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाला आणि राज्याच्या आयोगालाही अर्ज करता येतो. आयोग अधिकाऱ्यांना बोलावून जाब विचारतो, त्यानं ठाणं हलतं. पण आयोगाला लिहिलं म्हणजे फिर्याद झाली असं नाही.

ऊसतोडीला गेलेल्यांसाठी

हे वेगळं लिहितो, कारण बीड, धाराशिवकडची हजारो कुटुंबं दिवाळीनंतर कारखान्यावर जातात. अन्याय होतो फडात, कोल्हापूर-सांगलीकडं किंवा कर्नाटकात. तिथलं ठाणं परकं, मुकादमाची उचल डोक्यावर, बोलायचं कुणापाशी? लोक गप्प बसतात आणि पाडव्याला गावी आल्यावर सांगतात.

गुन्हा कुठंही घडो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. तिला झिरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आता थेट लिहिलं गेलंय. तुमच्या गावच्या ठाण्यात नोंद होईल आणि कागद तिकडच्या ठाण्याला जाईल. 'हद्द आमची नाही' हे उत्तर चालत नाही. मात्र उशीर का झाला हे फिर्यादीतच लिहा : मुकादमानं कोयता-बैलगाडी अडकवली होती, फोन नव्हता, बायको बाळंतीण होती, जे खरं असेल ते. कारण दिलं नाही तर उशिराचं बोट कोर्टात तुमच्याकडंच येतं. फडावरच्या टोळीतल्या दोघांची नावं आणि गावं त्याच वेळी टिपून ठेवा, पुढच्या वर्षी तीच टोळी असेल याचा नेम नाही.

गुन्हा दाखल झाल्यावर

नियमानं तपास डीवायएसपीच्या, म्हणजे पोलीस उपअधीक्षकाच्या, खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नसतो. तो अधिकारी गावात येईल, पंचनामा होईल. पंचनाम्याला हजर राहा आणि जागा बोटानं दाखवा.

अर्थसाहाय्य हा तुमचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. गुन्ह्याप्रमाणं रक्कम ठरलेली आहे. जातीवरून अपमान किंवा शिवीगाळ असेल तर एक लाख रुपये : पंचवीस टक्के गुन्हा नोंदवल्यावर, पन्नास टक्के दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर, उरलेले पंचवीस खालच्या कोर्टात शिक्षा झाल्यावर. खुनाच्या प्रकरणात सव्वाआठ लाख. काम समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांच्या कार्यालयातून होतं. नियमात तातडीच्या मदतीला सात दिवस दिलेत. प्रत्यक्षात पाठपुरावा करावा लागतो. एफआयआरची प्रत, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक घेऊन स्वतः जा. मध्ये कुणी 'मिळवून देतो, एवढे टक्के द्या' म्हणणारा भेटेल. त्याला दारातूनच परत पाठवा, आणि पैसे मागणारा कार्यालयातला असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते, तिनं तीन महिन्यांतून एकदा तरी बसायचं असतं. रक्कम अडकली, तपास रखडला, की त्या समितीच्या नावानं एक अर्ज टाका.

खरा कस लागतो तो यानंतर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गावातली चार वडीलधारी माणसं येतात. "जाऊ द्या आता, गावात राहायचंय आपल्याला." तंटामुक्ती समितीत मिटवू म्हणतात. हा तडजोडीचा गुन्हा नाही, ठाण्यात जाऊन 'मिटलं' म्हटल्यानं तो संपत नाही. माफीचा कागद लिहून दिला तर तो आरोपीच्या वकिलाच्या फायलीत जातो आणि उलटतपासात तुमच्यासमोर येतो. मी कुणाला केस चालवच असं सांगत नाही. ज्याचं दळण त्याच गिरणीत, ज्याची मजुरी त्याच वावरात, त्याची अडचण मला कळते. पण निर्णय वकिलाशी बोलून घ्या, पारावर बसून नको.

कधी उलटी केस पडते, चोरीची नाही तर विनयभंगाची. खोटी केस टाकून छळणं हा याच कायद्यात कलम ३(१)(पी) खाली गुन्हा आहे. कधी किराणा बंद होतो, पिठाची गिरणी बंद होते, रोजगार बंद होतो. तो बहिष्कार आहे, कलम ३(१)(झेडसी). त्याची वेगळी फिर्याद द्या, आणि त्यातही तेच : कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानात, काय मागितलं, काय उत्तर मिळालं.

आरोपीनं जामीन मागितला की तुम्हाला नोटीस आली पाहिजे आणि तुमचं म्हणणं कोर्टानं ऐकलं पाहिजे. कलम १५-ए (३) आणि (५). नोटीस आली की जा. अटकपूर्व जामिनाला कलम १८ ची आडकाठी आहे, पण फिर्यादीवरून गुन्हाच दिसत नाही असं कोर्टाला वाटलं तर तोही मिळतो. फिरून आपण पुन्हा त्या पहिल्या कागदावर येतो.

शहरात, कॉलेजात, भाड्याच्या खोलीत

मी शिकायला आलो तेव्हा छत्रपती संभाजीनगरचं नाव औरंगाबाद होतं. बाबासाहेबांनी १९५० साली काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या शहरात आलोय याचं अप्रूप होतं. खोली बघायला गेलो, काकूंनी पाणी दिलं, मग आडनाव विचारलं. "अरे, कालच दिली बघ." संध्याकाळी दुसऱ्या आडनावाचा मित्र गेला, त्याला तीच खोली मिळाली. मी तेव्हा काही केलं नाही. १९५५ च्या कायद्याच्या कलम ४ मध्ये राहायचं घर मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

आज असं झालं तर मित्राला तसंच पाठवा, तो तुमचा साक्षीदार आहे. बोलणं फोनवर न करता मेसेजवर करा, 'खोली रिकामी आहे का' याचं लेखी उत्तर राहतं. आणि वेळ काढू नका. या कायद्यातल्या सहा महिन्यांच्या शिक्षेच्या गुन्ह्याला कोर्टानं दखल घेण्याची मुदत एक वर्षाची आहे. वर्ष उलटलं की हातात काही राहत नाही.

कॉलेजात आधी समान संधी कक्षाकडं किंवा प्राचार्यांकडं लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रॅगिंगचा प्रकार असेल तर महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा वेगळा आहे. ही आतली तक्रार चालू आहे म्हणून ठाण्यात जायचं थांबत नाही. दोन्ही बरोबरच करता येतात. कामाच्या ठिकाणी बाईला लैंगिक छळ सोसावा लागत असेल तर अंतर्गत समितीकडं तीन महिन्यांच्या आत तक्रार करायची. जिथं समितीच नाही, म्हणजे वीटभट्टी, शेत, घरकाम, तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती. अपंगत्वावरून डावललं तर पुण्यातले राज्याचे दिव्यांग आयुक्त.

साक्षीच्या आदल्या दिवशी

कायदा म्हणतो, दोषारोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवायचा प्रयत्न व्हावा. तारखा प्रत्यक्षात बऱ्याच पुढं जातात. मधल्या काळात सगळे कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पत्र्यावरून गळणाऱ्या कोपऱ्यापासून लांब : एफआयआर, दवाखान्याचे कागद, पोस्टाच्या पावत्या, नोटिसा.

साक्षीच्या आदल्या दिवशी विशेष सरकारी वकिलांना भेटा आणि तुमची फिर्याद वाचायला मागा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या, जसं पहिल्या दिवशी घेतलं तसंच. सरकारी वकिलांकडून काम नीट होत नाही असं वाटलं तर आपल्या पसंतीचा ज्येष्ठ वकील नेमावा म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज करता येतो. साक्षीदारांवर दबाव येत असेल तर त्यांच्या संरक्षणाचा अर्ज विशेष न्यायालयातच द्या.

मावशी साक्षीला निघाल्या तेव्हा पहाटेची एसटी होती आणि त्या दिवसाची खुरपणीची मजुरी बुडणार होती. ते दोन्ही भरून मिळतं : तुमचं, साक्षीदाराचं जाण्यायेण्याचं भाडं आणि त्या दिवसाचा शेतमजुरीच्या दरानं निर्वाहभत्ता. बाई, अल्पवयीन मूल, साठीच्या वरचं माणूस यांच्या सोबतीला आलेल्याचंही मिळतं. नियम ११ मध्ये आहे, आणि तीन दिवसांच्या आत द्यायचं असतं. तिकीट फेकू नका, अर्ज कोर्टातून निघायच्या आधीच द्या.